जाळी गार होती

आमच्या घराण्यात पेनाखेरीज दुसरं काही हातात धरणारा पहिला पुरुष म्हणजे माझा धाकटा भाऊ, विश्वास कर्णिक. आजोबा गायकवाडी राज्यात खानगी खात्याचे कारकून, वडील शाळामास्तर, मी जन्मभर मुलांना भूगोल शिकवला. विश्वासने मात्र अकरावीनंतर आयटीआय केलं आणि बडोद्यातच मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लागला. कर्णिकांचा मुलगा संध्याकाळी काळे हात घेऊन कंपनीच्या बसमधून उतरतो, हे वडिलांना शेवटपर्यंत पचलं नाही. विश्वासला त्याचं काही नव्हतं. तो टूलरूममध्ये होता, म्हणजे जिथे कारखान्याचे साचे आणि हत्यारं घडतात तिथे, आणि तिथे त्याच्या हाताला मान होता.

त्याचं खरं कसब घासण्याचं. हसू नका. दोन पोलादी भाग एकमेकांवर असे बसवायचे, की मधून उजेडाची रेघसुद्धा दिसता कामा नये. एकावर निळा रंग अगदी पुसट लावायचा, दुसरा त्यावर टेकवायचा, रंग कुठे उमटला ते बघायचं, तेवढाच उंचवटा घासायचा, आणि परत रंग. एकेका भागाला दिवसचे दिवस जात. ‘फेस बसला पाहिजे,’ असं तो म्हणायचा; फेस म्हणजे टेकणारा पृष्ठभाग. जेवताना ताटाखाली पाट डगमगला तरी त्याला घास जात नसे.

मग नव्वदीनंतर जे सगळीकडे झालं ते मकरपुऱ्यातही झालं. संगणकावर चालणारी परदेशी यंत्रं आली, टूलरूममधल्या जुन्या माणसांना साहेबांनी एकेक करून केबिनमध्ये बोलावलं, आणि विश्वास पन्नाशीच्या आत स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसला. स्वेच्छा कुणाची ते विचारू नका. त्या दिवसापासून आमच्या दांडिया बाजारातल्या घराची रीतच बदलली. आधी त्याची बायको सुनीती त्याला ओल्या पंचावरून रागवायची, मी ऊठसूट बोलायची, आणि त्याची मुलगी मोहना तर परकरात असल्यापासून बापाशी तावातावाने भांडायची. आता सगळ्या जणी त्याच्याशी दुखण्यातून उठलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलू लागलो. चहा गार झाला तरी ‘चालेल हं’, नळ आणखी गळायला लागला तरी ‘असू दे’. त्याला हे कळत होतं. म्हणून तर तो घरभर पाने आणि पक्कड घेऊन काहीतरी दुरुस्त करत फिरायचा.

हे सांगते ते दोन हजार चार सालच्या मे महिन्यातलं, तो घरी बसल्याला तीन वर्षं झाली होती. मोहना मेकॅनिकलचा डिप्लोमा करून घरीच संगणकावर ड्रॉइंगची कामं घेत असे. बाजव्याकडचा एक कंत्राटदार रिफायनरीच्या भागातली कामं करायचा, त्याच्या टाक्यांची आणि पाइपांची ड्रॉइंग ती करून देई. तेव्हा तिच्याकडे एका मोठ्या टाकीचं काम आलं होतं. ते नीट पार पडलं तर पुढची सगळी कामं तिलाच मिळणार, असं कंत्राटदाराने कबूल केलं होतं. संगणक दिवाणखान्यात, झोपाळ्याच्या शेजारी. पोरीचं काम त्या खोक्यावर चालायचं, आणि ते खोकं धडधाकट ठेवायचं काम विश्वासने स्वतःकडे घेतलं होतं. घरात त्याची पत उरली होती ती तेवढीच, निदान त्याला तरी तसं वाटायचं.

बडोद्याचा मे. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. त्या खोक्यातला पंखा एकाएकी कण्हायला लागला. घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या बाजारगल्लीत, गोविंदचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. आमचा नेहमीचा माणूस, मराठीच, पण बोलायला लागला की अर्धं गुजराती. त्याने सांगितलं, पंखा आणि त्याच्याखालची अॅल्युमिनियमची जाळी दोन्ही बदला. त्या जाळीला हीटसिंक म्हणतात हे मला नंतर कळलं. मेंदूचं काम करणारी जी चकती असते, तिच्यावर ती जाळी बसते आणि तिची उष्णता वर ओढून घेते. ओढलेली उष्णता पंखा उडवून लावतो.

“मी येऊन बसवून जातो ने, काका,” गोविंद म्हणाला.

“मी मेलो का?” विश्वास म्हणाला.

गोविंदच्या दुकानात गिऱ्हाइकांची दाटी होती. त्याने नवी जाळी खोक्यातून काढून हातात दिली आणि दुसऱ्याशी बोलता बोलता एवढंच म्हणाला, “पट्टी संभाळजो, काका.”

आता पट्ट्या दोन होत्या. एक वरची, जाळी जागेवर दाबून धरणारी लोखंडी पट्टी. दुसरी खालची, जाळीच्या तळाला कंपनीने चिकटवलेली करड्या लांबीसारखी पट्टी. गोविंदला खालची म्हणायची होती. विश्वास लोखंडात वाढलेला माणूस. त्याने लोखंडाची संभाळली.

घरी येऊन त्याने जाळी उलटी केली आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

“हे बघ ताई, आजकालचं काम. बसायच्या जागेवरच गोंद फासून पाठवलाय. फेस काय बसणार डोंबल!”

मग काय विचारता. त्याने ब्लेडने ती करडी लांबी खरवडली, रॉकेलने तळ धुतला, टीपॉयची काच काढून जमिनीवर ठेवली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पसरला आणि मांडी घालून जाळीचा तळ घासायला बसला. मध्येच निळा रंग लावून बघायचा. कारखाना सोडताना त्याने एक डबी आणली होती तर! दुपार कलेपर्यंत तळाचा आरसा झाला. त्याने तो आम्हाला आळीपाळीने दाखवला. मला त्यात माझा चष्मा दिसला, सुनीतीला कुंकू. मोहना ड्रॉइंग दाखवायला बाजव्याला गेली होती. त्याने जाळी चकतीवर टेकवली, पट्टी दाबली, वायर जोडली. संगणक सुरू झाला आणि पंखा मुळीच कण्हला नाही. विश्वास झोपाळ्यावर बसून चक्क शीळ घालत होता. मला इतकं बरं वाटलं, की मीच उठून चहा टाकला.

संध्याकाळी मोहना येऊन कामाला बसली. टाकीचं ड्रॉइंग उघडलं, दोन रेघा मारल्या, आणि पडदा गोठला. बंद करून सुरू केला. या वेळी पडदा निळा झाला, त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची रांग उमटली, आणि खोकं आपसूक परत सुरू झालं. तिसऱ्या खेपेला तिने आदल्या दिवशी केलेलं ड्रॉइंग उघडेचना. फाइल बिघडली आहे, असं म्हणायला लागलं.

मोहनाने खोक्याचं झाकण काढलं, जाळीला बोट लावलं आणि क्षणभर तशीच थांबली. मग विश्वासकडे बघितलं.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही. बघू या, बाबा.”

त्यानेही हात लावून बघितला आणि त्याचा चेहरा खुलला. “जाळी गार आहे! म्हणजे उष्णतेचा सवालच नाही. दोष दुसरीकडे आहे.”

पुढचे काही दिवस आमच्या घरात तो दोष शोधणं चाललं होतं. मी माझ्या भावाची बाजू घेत नाही, पण तो शोधत होता अगदी शिस्तीत. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांची टोकं खोडरबरने घासली. वायर बदलली. प्लग बदलला. मागच्या अंगणात जमिनीत अर्थिंग पुरलेलं आहे, तिथे बादलीभर मिठाचं पाणी ओतलं. मोहनाकडून विंडोज पुसून पुन्हा भरून घेतलं. प्रत्येक वेळी यंत्र तासभर बरं चालायचं आणि सीडीवरच्या जुन्या प्रतीतून ती टाकी उघडली की मान टाकायचं. आणि प्रत्येक वेळी तो जाळीला हात लावून म्हणायचा, “हे मात्र गार आहे हं. हे काम पक्कं झालंय.” दूध घालायला आलेल्या भैयालासुद्धा त्याने ते सांगितलं.

एक गोष्ट त्याला सापडली होती, आणि त्या गोष्टीनेच त्याचा घात केला. पत्त्यांचा खेळ लावला तर यंत्र अख्खी दुपार चालायचं. मी पत्र टाइप केलं तर चालायचं. मोहनाचं ड्रॉइंग उघडलं, की संपलं. जड कामाने चकती जास्त तापते, हे त्याच्या डोक्यात यायला हवं होतं. पण जाळी गार होती ना! मग त्याने ठरवलं, की खोट मोहनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

“कुठल्या तरी बाजारू सीडीवरून भरलंयस. त्यात व्हायरस असणार. यंत्राला काय बोल लावायचा?” तो तिला म्हणाला. सुनीती म्हणाली, “अहो, पण आधी तर...” आणि मध्येच गप्प झाली. आम्ही सगळ्याच अशा वाक्याच्या मध्ये गप्प व्हायला शिकलो होतो.

सॉफ्टवेअर बदलूनही फरक पडला नाही तेव्हा त्याचा मोर्चा गोविंदकडे वळला. घडियाळी पोळाच्या भर बाजारात उभं राहून त्याने गोविंदला ऐकवलं, की तू गेल्या वर्षी दिलेली मेमरी सडकी आहे, आणि तुझ्यासारख्यांमुळेच मराठी माणसाच्या दुकानात कोणी चढत नाही. मी भाजी घेऊन तिथून चालले होते. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोविंदने एका शब्दाने उलट उत्तर दिलं नाही. नवी मेमरी काढून दिली आणि म्हणाला, “कांई वांधो नाही, काका. लावून बघा.”

एवढा निमूटपणा मला त्याच वेळी खटकायला हवा होता. मोहनाही निमूट झाली होती. पहिले दोन दिवस ती हवालदिल होती, कंत्राटदाराचे फोन यायचे आणि ती गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलायची. नंतर फोन थांबले. ती दुपारी सीडी पर्समध्ये टाकून मैत्रिणीकडे जाऊन यायची. मग तेही थांबलं, आणि ती घरी बसून आईला लोणच्याच्या कैऱ्या चिरून द्यायला लागली. मला वाटलं, काम तिकडे उरकलं असेल. बापाने काही विचारलं की म्हणायची, “चालू दे तुमचं, बाबा. घाई नाही.”

अशातच सुनीतीला ताप आला. भर मे महिन्यात, बाहेर आगीचा लोळ उठलेला असताना, ती दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होती. विश्वास पायथ्याशी बसला आणि त्याने तिच्या पावलाला हात लावला.

“पाय तर बर्फासारखे आहेत. ताप कुठाय तुला?”

सुनीतीचं डोकं ठणकत होतं, त्यामुळे ती जपून बोलायचं पथ्य विसरली. “अहो, पाय गार पडलेत म्हणजेच ताप चढतोय! एवढंही कळत नाही? आत भट्टी पेटलीय माझ्या.”

विश्वासने तिच्या कपाळाला हात लावला. मग परत पावलाला. परत कपाळाला. मी म्हटलं, याला आता झालंय तरी काय! तो उठला तो थेट दिवाणखान्यात. खोकं उघडलं, जाळी काढली आणि खिडकीत धरून तिचा तळ तिरका करून बघत राहिला.

“ताई, इकडे ये. गार आहे म्हणूनच चूक आहे गं. उष्णता वर येतच नाहीये. चकतीतच कोंडतेय. जाळी तापायलाच हवी होती.”

“पण तू तर आरसा केला होतास.”

“कितीही घासलं तरी दोन धातूंच्या मध्ये हवा राहतेच. डोळ्याला दिसत नाही इतकी. टूलरूममध्ये तेवढी चालायची, तिथे भाग नुसते बसायला लागतात. इथे उष्णता पलीकडे जायला लागते. तो करडा गोंद त्या फटीसाठी होता. घाण नव्हती ती. मीच खरवडून टाकला.” आणि तो हसला. खरंच सांगते, चूक स्वतःची निघाल्याचं त्याला काडीचं वाईट वाटलं नव्हतं. सापडल्याचा आनंदच मोठा होता. कारखान्यात असताना एखादा अवघड साचा बसला, की तो असाच हसत घरी यायचा. “मोहना आली की दाखवतो तिला. आज रात्रीत टाकी पुरी करून टाकेल पोरगी.”

मोहना शेजारी डॉक्टरांना विचारायला गेली होती. तिने तिथून फोन करून गोळ्यांची नावं सांगितली. आम्ही दोघं स्कूटरवरून गोळ्या आणायला निघालो. गोळ्या घेतल्यावर विश्वासने स्कूटर घडियाळी पोळात घातली.

गोविंदच्या फळीवर दोन्ही हात टेकून तो सरळ म्हणाला, “गोविंद, त्या दिवशी मी बोललो ते चुकीचं होतं. मेमरी चांगली होती. तुझी खालची पट्टी मीच काढून टाकली. ते जे काय लावतात मध्ये, ते दे मला.”

“थर्मल पेस्ट,” गोविंद म्हणाला. आणि शोधाशोध न करता त्याने समोरचा खण उघडून कागदात गुंडाळलेली एक चिमुकली ट्यूब पुढे केली. “केव्हाची काढून ठेवलीय, काका. तांदळाच्या दाण्याएवढीच लावजो.”

“काढून ठेवलीस? तुला काय माहीत?”

गोविंदचा स्वभाव साधा. माणूस कौतुकाने सांगून गेला. “मोहनाबेन पहिल्याच दिवशी आली होती ने. म्हणाली, जाळी गार लागते, बाबांनी पट्टी काढली असणार. मी म्हटलं, चला, पाच मिनिटांत लावून देतो. तर म्हणे, नको, बाबांना त्यांचं त्यांना सापडू दे. ते मागायला येतील तेव्हाच दे, आधी काही बोलू नको. केवढी समजदार छोकरी आहे, काका!”

विश्वासने ट्यूब खिशात टाकली. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. घरी येताना मांडवीच्या गर्दीत त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही. मागे बसल्या बसल्या मला मोहनाचं कौतुक वाटत होतं आणि रागही येत होता, आणि यातलं काय खरं ते मला कळत नव्हतं.

घरी मोहना आईला पेज भरवत होती. विश्वासने गोळ्या दिल्या, सुनीती त्या घेईपर्यंत पाण्याचा पेला धरून उभा राहिला. मग ट्यूब मोहनाच्या समोर ठेवली.

मोहनाने ट्यूब बघितली आणि तिला कळलं. “गोविंद बोलला?”

“पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“बाबा, तुम्ही इतके खूश होता त्या दिवशी. कितीतरी दिवसांनी. मला वाटलं, दोन दिवसांत सापडेल तुम्हाला. सापडलंच असतं. मग इतके दिवस गेल्यावर सांगायचं कसं तेच कळेना.”

“आणि टाकी?”

मोहनाने पेजेची वाटी खाली ठेवली. “मैत्रिणीच्या संगणकावर करून बघितलं. तिलाही तिची कामं असतात. जमलं नाही. परत केलं मी ते काम. त्यांनी मकरपुऱ्यातल्या कुणाला तरी दिलंय.”

“पुढचीसुद्धा?”

“बहुतेक. मिळेल दुसरं, बाबा. असू दे.”

‘असू दे’ म्हटल्याबरोबर विश्वास खाटेच्या कडेवर मटकन बसला. माझ्या भावाला मी वडील गेले तेव्हासुद्धा असं बघितलं नव्हतं.

“मला काढलं ना,” तो म्हणाला, “तेव्हा साहेबाने समोर बसवून सांगितलं होतं. विश्वासराव, आता तुमच्या हाताची गरज नाही, म्हणाला. वाईट वाटलं. पण तोंडावर सांगितलं. तुम्ही तेवढंही केलं नाहीत.”

तुम्ही. एकटी मोहना नव्हे. मी दारात उभी होते. सुनीतीने गोधडीतून हात काढून त्याचा दंड धरायला बघितलं. त्याने तो हलकेच बाजूला केला, लेकीकडे वळला आणि म्हणाला, “चुकलो मी. पण मी म्हणून काय उपयोग? तू म्हण.”

“बाबा, जाऊ दे ना.”

“तू म्हण, मोहना.”

मोहनाच्या नाकाचा शेंडा लाल झाला. लहानपणी भांडणाआधी व्हायचा तसा. “चुकलात तुम्ही,” ती म्हणाली. आधी पुटपुटली. मग तिचा आवाज चढला. “चुकलात! कुणाला न विचारता केलंत. गोविंद आला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. वर माझ्या सॉफ्टवेअरला नावं ठेवलीत. त्या बिचाऱ्याला बाजारात नको ते बोललात. आणि माझं काम गेलं, बाबा! तीन महिने त्या माणसाच्या मागे लागून मिळवलेलं काम होतं ते! मला इतका राग आलाय तुमचा, इतका राग आलाय, आणि मी बसून कैऱ्या चिरतेय!”

ती रडत होती आणि ओरडत होती. शेजारच्यांची खिडकी उघडली. “अगं, हळू,” सुनीती म्हणाली.

“बोलू दे तिला,” विश्वास म्हणाला. तो ताठ बसला होता, डोळे भरलेले, पण लेकीवरून नजर न हलवता ऐकत होता. मोहना दम खायला थांबली.

“अजून आहे?” त्याने विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. “पुष्कळ आहे. तीन वर्षांचं.”

“मग बोल,” विश्वास म्हणाला, आणि त्याने तिच्यासाठी खाटेवर जागा केली.